आपली मेल मिळाली, आभारी आहे

९ फेब्रुवारी

ही डायरी ह्यांची. कारखान्यातून दरवर्षी एक मिळायची आणि दरवर्षी कोरीच राहायची. ह्यांना लिहायचा कंटाळा. या वर्षीची मी घेतली. ऑफिसातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा, मन मोकळं होईल. होईल की नाही माहीत नाही. पण कुणाजवळ बोलून दाखवण्यापेक्षा हे बरं.

आज कारखान्यातून ह्यांच्या वस्तू आल्या. चष्मा, डबा, कंगवा आणि ह्यांचं लाल कुलूप. कुलपाची किल्ली आधीच मिळाली होती, हॉस्पिटलमधून आलेल्या कपड्यांत, पँटच्या खिशात. लावून पाहिली तर लोण्यासारखी फिरली. कुलूप उघडंच आलं होतं. वाकलेलं नाही, कुठे ओरखडासुद्धा नाही. कारखान्यात इतकी वर्षं वापरून एवढं नीट ठेवलेलं.

हे ब्रेडच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. पीठ मळायचा मिक्सर आमच्या न्हाणीघराएवढा असतो म्हणे. त्याच्या आत उतरायचं असलं की आधी बटण बंद करायचं, बटणाला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. मग बाहेर कुणी कितीही घाई करो, मिक्सर सुरू होत नाही. "किल्ली खिशात म्हणजे जीव खिशात," असं म्हणायचे. घरी बल्ब बदलायचा असला तरी मेन स्विच बंद करून त्याला हेच कुलूप घालायचे. आम्ही सगळे अंधारात बसायचो. भाऊजी म्हणायचे, "दादा, बल्ब बदलतोयस की तिजोरी?"

असा माणूस त्या दिवशी मिक्सरमध्ये उतरताना नेमका विसरला. कारखान्याने तसंच कळवलं, घाईत कुलूप लावायचं राहून गेलं. मला ह्यांचा राग येतो. गेलेल्या माणसाचा राग धरू नये, पण येतो. एवढं एक इथे लिहून ठेवते.

१४ फेब्रुवारी

कारखान्याच्या मॅनेजर साहेबांची मेल आली. विषयाच्या जागी लिहिलंय, "मनापासून क्षमस्व". मेल अशी आहे:

"ताई, हे कोणत्या शब्दांत लिहावं ते कळत नाही. जे घडलं त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. त्या दिवशी माल वेळेत जायचा होता आणि मी सगळ्यांनाच घाई केली. ते आम्हाला घरच्यासारखे होते. शक्य असेल तर मला माफ करा. दोन ओळींचं उत्तर पाठवलंत तर मनावरचं ओझं हलकं होईल."

मी तीनचारदा वाचली. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मी तक्रारींना उत्तरं लिहिते, त्यामुळे चांगलं लिहिलेलं पटकन कळतं. एक शब्द जास्तीचा नाही. एवढा मोठा माणूस, न लिहिता तर कोण विचारणार होतं?

मुलीला दाखवली. तिने मोबाइल हातात घेऊन वाचली आणि म्हणाली, "आई, हा माणूस माफी नक्की कशाची मागतोय?"

मी म्हटलं, घाई केली असं लिहिलंय की.

"घाई तर सगळेच करतात. ही मेल तुझ्या ऑफिसातून आल्यासारखी वाटते. आपल्या भागात पाणी न आल्याबद्दल दिलगीर आहोत."

मी मोबाइल परत घेतला. वडील गेल्यापासून तिची जीभ फार चालते.

१६ फेब्रुवारी

उत्तर अजून पाठवलं नाही. दोन मसुदे केले. पहिल्यात नकळत माझ्या दुःखाबद्दल बरंच आलं. ते काढलं. माफी मागणाऱ्याला आपलं रडं ऐकवायचं म्हणजे त्याला पुन्हा खाली बसवण्यासारखं आहे. नव्या मुलींना मी ऑफिसात हेच शिकवते. आधी आभार, मग समोरच्याचा मान राखणं, आणि झालेली चूक आपण पुन्हा उच्चारायची नाही.

भाऊजी मागून वाचत होते. म्हणाले, "वहिनी, माझ्यावर चिडलात तर मलाही असंच पत्र लिहा. फ्रेम करून लावीन." ह्यांचे धाकटे भाऊ. मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद झाल्यापासून घरीच आहेत. त्यांच्या विनोदांमुळे घरात आवाज तरी असतो.

१७ फेब्रुवारी

पाठवलं. इथे उतरवून ठेवते.

"आपली मेल मिळाली, आभारी आहे. इतक्या मोकळेपणाने लिहायला मोठं मन लागतं. जे झालं त्यात कुणाचा दोष शोधावा असं आम्हाला वाटत नाही. आपण मनाला लावून घेऊ नये. आमची कुणाबद्दलही तक्रार नाही."

शेवटच्या वाक्यापाशी थोडी थांबले होते. ते ऑफिसच्या सवयीने आलं. आमच्याकडे असं वाक्य आलं की फाइल बंद होते. मग वाटलं, राहू दे. साहेबांचंही काही बंद होत असेल तर होऊ दे.

पाठवल्यावर अंग हलकं झालं. संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

२० फेब्रुवारी

साहेबांचं उत्तर आलं. माझी मेल वाचून त्यांचे डोळे भरून आले म्हणे. चौकशीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांना ती दाखवली तर चालेल का, असं विचारलं होतं. मी लगेच होकार कळवला. चांगुलपणा कुणाच्या उपयोगी पडत असेल तर नाही कशाला म्हणायचं?

मुलगी दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

१ मार्च

भट्टीवाले येऊन गेले. कारखान्यात भट्टीवर असतात, ह्यांच्या बरोबरीचे. खुर्चीच्या कडेवर बसले, उठायच्या तयारीत असल्यासारखे. चहा केला तर तो तसाच निवला. ह्यांच्या फोटोकडे बघत राहिले. मग विचारलं, कुलूप घरी आलं का? आलं म्हटलं. किल्ली? तीही आहे म्हटलं, ह्यांच्या खिशातच होती.

त्यांनी मान हलवली. "वहिनी, ते कुणाला देऊ नका. कुणी मागितलं तरी."

मी म्हटलं, कोण मागणार, आणि कशाला. ते म्हणाले, "दादा विसरणारा माणूस नव्हता. मला रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिलेत, म्हणून एवढंच बोलतो." आणि उठलेच. चप्पल घालताना दाराला धरून उभे होते.

मला वाटतं त्यांना स्वतःलाच हवं असेल ते कुलूप, आठवण म्हणून. स्पष्ट मागायला संकोच वाटला असेल. मित्राबद्दल चांगलं बोलायचं म्हणून विसरणारा नव्हता म्हणाले. तसं तर मीही म्हणते. पण विसरले, हे खरंच ना?

६ मार्च

चौकशी संपली. कारखान्याचा कुठलाही दोष नाही असं ठरलं. साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं. माझ्या मेलचा फार उपयोग झाला म्हणाले. वर विचारलं, घरात कुणी कामाला येण्यासारखं आहे का, दादांची जागा रिकामी आहे, घरच्याच माणसाला द्यावी असं वाटतं. मी भाऊजींचं नाव सांगितलं. उद्याच पाठवा म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी देवापुढे नाही, ह्यांच्या फोटोपुढे उभी राहिले. म्हटलं, बघा. राग धरला असता तर हे झालं असतं का?

भाऊजींना सांगितलं तर आधी थट्टाच केली, की ब्रेड खाणारा माणूस ब्रेडच्या कारखान्यात ठेवला तर त्यांचं कठीण आहे. मग आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. इतक्या महिन्यांत त्यांना मी पहिल्यांदाच दाढी करताना पाहिलं.

९ मार्च

भाऊजी रुजू झाले. यंत्रं त्यांना नवीन, पण हात चांगला आहे. ह्यांचाच निळा शर्ट घालून गेले. दारातून जाताना पाठमोरे पाहिले आणि मी स्वयंपाकघरात निघून आले.

माझी मेल छापून कारखान्याच्या फळ्यावर लावली आहे म्हणे. कामगार डबा खाताना वाचतात. "वहिनी, तुम्ही तिथे फेमस झालात," असं म्हणाले. लोक काय बोलतात विचारलं तर म्हणाले, काहीच बोलत नाहीत, वाचतात आणि पुढे जातात. भट्टीवाले त्यांच्याशी फारसे बोलले नाहीत. मला वाईट वाटलं. जुन्या मित्राच्या भावाशी असं वागावं?

१८ मार्च

साहेबांची मेल. कारखान्यात सुरक्षा सप्ताह आहे. ह्यांचा फोटो आणि कुलूप काचेच्या चौकटीत लावायचं ठरलंय, कायमचं. कुलूप भाऊजींबरोबर पाठवता का, असं विचारलंय. शेवटी परत एकदा, "आपल्या मोठेपणाला सीमा नाही."

भट्टीवाल्यांचं बोलणं आठवलं. पण ते एकट्याच्या घरी जाण्यापेक्षा सगळ्यांना दिसेल अशा जागी राहिलेलं काय वाईट?

मुलगी म्हणाली, "देऊ नकोस. ती बाबांची एकच वस्तू आहे जी कुणी बदलू शकत नाही." तिला नक्की काय म्हणायचं होतं ते तिलाही सांगता आलं नाही. नुसती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर झटकला नाही, एवढंच.

१९ मार्च

कुलूप मऊ फडक्याने पुसलं. उघडं पाठवणं बरं दिसेना म्हणून कट्कन दाबून बंद केलं आणि कागदात गुंडाळून भाऊजींच्या डब्याबरोबर दिलं. ते गेल्यावर लक्षात आलं, किल्ली इथेच राहिली, या डायरीत, आजच्याच पानावर. साहेबांना लगेच कळवलं, चुकून राहिली, उद्या पाठवते. त्यांचं उत्तर आलं, "त्रास घेऊ नका. किल्ली राहू दे आपल्याकडे आठवण म्हणून."

किती समजूतदार. मला खरंच ती द्यायची नव्हती. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

२५ मार्च

चौकट लागली. भाऊजींनी मोबाइलवर फोटो काढून आणला. जेवताना सगळ्यांनी पाहिला. ह्यांचा फोटो ओळखपत्रावरचा आहे, त्यात ह्यांची मान जरा वाकडी आहे. खाली मोठ्या अक्षरांत, "कुलूप लावायला विसरू नका". ते वाचून मी मोबाइल मुलीकडे सरकवला. पण दुसऱ्यांना शहाणपण येणार असेल तर असू दे.

शेजारी लाल कुलूप. उघडून टांगलंय आणि त्यात किल्ली लावलेली आहे. छान दिसतं.

मुलगी फोटो मोठा करून बघत होती. म्हणाली, "किल्ली तर आपल्याकडे आहे ना?"

मी उठून डायरी आणली. किल्ली होती.

भाऊजी हसले. म्हणाले, त्यात काय एवढं, प्रत्येकाच्या कुलपाची एक जादा किल्ली साहेबांच्या टेबलाच्या खणात असते. साहेबांनी भाऊजींच्या समोरच त्यांच्या नव्या कुलपाची एक काढून घेतली. एखाद्याची हरवली, एखादा घरी निघून गेला, तर काम अडायला नको. दादाला ते माहीत नसावं. तो जुन्या वळणाचा, त्याला सांगितलं असतं तर भांडत बसला असता.

ऐकून मला बरं वाटलं. मनात उगाच एक शंका आली होती, ती गेली.

मुलीने चमचा ताटात ठेवला. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, बाबांची किल्ली हरवली नव्हती. बाबा घरी गेले नव्हते. मग ती दुसरी किल्ली कुणाला कशाला लागली?"

मी म्हटलं, लागली असं कोण म्हणतंय, चौकटीत लावायला काढली असेल. आणि भाऊजींना भात वाढला.

२६ मार्च

डोकं दुखतंय. ऑफिसात गेले नाही.

कुलूप कारखान्यातून उघडं आलं होतं. ह्यांनी ते लावलंच नसेल म्हणून उघडं असेल. लावलेलं नसेल तर ते उघडंच राहणार. बरोबर आहे.

हे मी सकाळपासून पुन्हा पुन्हा बरोबर आहे असं म्हणते आहे.

३ एप्रिल

मुलीने नवं कुलूप आणलं, चांगलं जाड. त्याबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या, एक तिने वाटेतच गटारात टाकली म्हणे. दुसरी काकांच्या हातावर ठेवली. म्हणाली, "काका, हेच लावायचं. त्यांचं नाही."

भाऊजी म्हणाले, "अगं, किल्ली गटारात टाकलीस? एवढ्यात तर मला मुलीकडचे लोक बघायला येणार होते, त्यांना सांगू काय, पुतणी किल्ल्या फेकते?" ती हसली नाही. तेव्हा त्यांनी कुलूप खिशात घातलं, नेतो म्हणाले.

४ एप्रिल

साहेबांनी कुलूप लावू दिलं नाही. सगळ्यांची कुलपं एकसारखीच हवीत, नियम आहे. वर भाऊजींना केबिनमध्ये बोलावून विचारलं, घरी काही गैरसमज झालाय का? वहिनींची तर काही तक्रार नव्हती.

भाऊजी जरा उतरलेले होते. म्हणाले, वहिनी, काय करू? तुम्ही सांगाल तसं.

मी काय सांगणार? नोकरी नवी आहे. ज्या माणसाने आपण होऊन माफी मागितली, जागा दिली, त्याच्यावर आपण अविश्वास दाखवायचा? आणि एकदा लिहून दिलं ते लिहून दिलं. तक्रार नाही म्हटलं आणि मग कुलूप घेऊन माणूस पाठवला, तर माझ्या शब्दाला काय किंमत राहिली? मी म्हटलं, वाद घालू नका, ते म्हणतात तसंच करा.

भाऊजींनी मान डोलावली. मुलीचं कुलूप चहाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवलं.

ती घरी आली तेव्हा ते तिथे पाहिलं. माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

११ एप्रिल

भट्टीवाले रिटायर झाले. निरोपाला भाऊजींनी भाषण केलं म्हणे, सगळे हसले. भट्टीवाल्यांनी जाताना त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, माल जायची घाई असेल त्या दिवशी आत उतरू नकोस, पोट दुखतंय म्हण, काहीही म्हण. भाऊजींनी ते आम्हाला त्यांची नक्कल करून सांगितलं. पोट धरून घरभर फिरले. मुलगीसुद्धा हसली, बऱ्याच दिवसांनी.

मीही हसले. मग भांडी घासताना हात थांबले होते, ते नळाचं पाणी बादलीबाहेर वाहायला लागल्यावर कळलं.

२२ एप्रिल

आज मला सुट्टी आहे. पाण्याच्या टाक्यांची सफाई, ऑफिस बंद.

सकाळी भाऊजी लवकर निघाले. मिक्सरचं पातं सैल झालंय, आत उतरून आवळायचंय. मी विचारलं, आज माल जायचाय का? म्हणाले, माल रोजच जातो वहिनी, पाव काय लोक एकाच दिवशी खातात? डबा घेतला. मी फळीवरचं कुलूप उचलून हातात धरलं होतं. त्यांनी पाहिलं. म्हणाले, "राहू दे. उगीच साहेबांचं तोंड वाकडं होईल."

मी परत ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांचा रोज फोन येतो, भाजीला नावं ठेवायला. आज आला नाही. मी केला. वाजत राहिला. काम करताना फोन कपाटात ठेवतात, त्यांनीच सांगितलं होतं.

आता थोड्या वेळापूर्वी मोबाइलवर मेल आली आहे. साहेबांची. मी उघडलेली नाही. विषय न उघडताही दिसतो, "मनापासून क्षमस्व". त्याच्याखाली पहिली ओळही दिसते.

"ताई, हे कोणत्या शब्दांत लिहावं ते कळत नाही."

मागची मेलही अशीच सुरू झाली होती. मी मागे जाऊन ताडून पाहिलं. तीच ओळ आहे, स्वल्पविरामासकट.

एखादी जुनी मेल चुकून परत आली असेल. तसं होतं कधी कधी, आमच्या ऑफिसातही झालंय. किंवा चौकटीचं काही असेल. काच फुटली असेल.

ह्यांची किल्ली कधी हातात घेतली आठवत नाही. तळहातावर तिचे दात उमटले आहेत.

कुणाचीही मेल आली की माझ्या मनात उत्तराची पहिली ओळ आपोआप तयार होते. इतक्या वर्षांची सवय. आताही झाली. ती खोडली. दुसरी सुचत नाही.

मुलगी कॉलेजातून येईल. फळीवरचं कुलूप तिथेच आहे. ती आली की आधी तिकडे बघते.